भिंतीवरचा तळवा

नानाकाका गेल्याचं भावाने मला सिहोऱ्याला फोन करून कळवलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "त्यांची पेटी कुठे आहे?" लाज वाटावी असाच प्रश्न. पण त्या पेटीत काय आहे, हे आता एकट्या मला ठाऊक होतं...

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, दक्षिणेतल्या एका खोल सोन्याच्या खाणीत मुकादम. तिथे सुरुंग उडाला की दाबाखालचा दगड कडकडत राहतो आणि कधी अख्खी भिंतच फुटून अंगावर येते. काका दगडाला तळवा लावून उभे राहायचे. कडकड पुरती थांबल्याशिवाय माणूस आत सोडायचे नाहीत. लढाईच्या वर्षी सोनं लवकर हवं म्हणून साहेबाला घाई झाली. काका नाही म्हणाले, तर त्यांना बाजूला सारून त्याने माणसं पाठवली. तिघे परत आले नाहीत. अहवालात मात्र लिहिलं, मुकादमाने परवानगी दिली. नोकरी गेली आणि काका दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी आले.

मी तेव्हा तिथल्या सरकारी तोफांच्या फॅक्टरीत टायपिस्ट होते, बाबाही तिथेच कामाला. काकांनी हाताने लिहिलेला अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"बेटा, चौकशीवाल्यांना पाठवायचा आहे. टाइप करून देशील?"

मी हो म्हटलं. बाबा भडकले, "काहून झंझटात पडून राहिली? लढाई चालू आहे, माझी-तुझी दोघांची नोकरी जाईल!" मी घाबरले, आज-उद्या करत राहिले. काकांनी दोनदा विचारलं, मग अर्ज पेटीत ठेवला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. पुढे नातेवाईक त्यांच्या पाठीमागे कुजबुजायचे, "तीन माणसं खाल्ली यानं." अर्ज वाचलेली मी त्या नातेवाइकांना चहा देत राहिले.

फॅक्टरीत तोफांची चाचणी झाली की घर हादरायचं. काका दाराजवळच्या भिंतीला तळवा लावायचे आणि दुसरा हात आमच्यापुढे आडवा धरायचे. "रुको बेटा, अभी नहीं." आम्ही हसायचो.

तेराव्यानंतर दीक्षितपुऱ्याच्या घरी मी पेटी उघडली. अर्ज तसाच होता. मी घरातलं माझं जुनं टाइपचं मशीन काढून तो टाइप केला. जेमतेम बारा ओळी... पाठवायचा कुणाला? ती माणसंही आता उरली नसतील.

भाऊ घर रंगवून घेत होता. दाराजवळ काकांच्या तळव्याचा तेलकट डाग आहे. रंगाऱ्याने ब्रश बुडवून विचारलं, "दीदी, इसको भी पोत दूँ?"

मी त्याच्यापुढे हात आडवा धरला.