दाढेखालची लवंग

आम्ही एका माणसाच्या बाबतीत चुकलो. आम्ही म्हणजे चिकलठाण्यातली आमची गल्ली, आणि सगळ्यांच्या पुढं मी. आज सकाळी किराण्याची पुडी फुटली, टेबलावर लवंगा सांडल्या आणि तो उग्र वास वार्निशच्या वासावर चढून बसला. पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी भरण्याच्या, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळण्याच्या, या दुकानात जन्म गेला. नाकाला आता दुसरं काही कळू नये. पण लवंग कळते.

तो वाळूजच्या कंपन्यांची शिफ्टची बस चालवायचा. दारूपायी आधी बस गेली, मग बायको-पोरगी सोडून बाकीची माणसं. व्यसनमुक्ती केंद्रातून परतून माझ्याकडं काम मागायला आला तेव्हा पन्नाशी उलटली होती. मी घासाघीस करणारा माणूस, भंगारातून दुकान उभं केलेलं. फुकट कुणाला काही दिलं नाही. म्हटलं, "वर्षभर शीक, दारूला शिवू नको. मग खिडकीजवळचं टेबल तुझं." ते टेबल कारागिराचं. तिथं बसणाऱ्याला गिऱ्हाईक नावानं हाक मारतं.

स्टिअरिंगची सवय असलेली ती जाड बोटं केसासारख्या तारेशी झगडायची. शाळकरी वहीत तो प्रत्येक मोटारीचं चित्र काढी, किती वेढे, कोणत्या बाजूनं, सगळं लिही. वेढा उलटा पडला की मी खेकसायचो. तो हसायचा, "थांबा शेट, गाडी रिव्हर्स घेतो," आणि सकाळपासूनची तार निवांत उलगडत बसायचा. या वयात चुकायची लाज न वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला अजून वाटते.

एकच गोष्ट सलायची. सणाला गल्ली त्याला मिठी मारायची ती तोंडाला दारूचा वास येतो का बघायला. ते ओळखून तो रोज दारातच तोंड उघडून "हाऽ" करायचा, मगच चप्पल काढायचा. आम्ही हसायचो. लग्नात जेवण झालं की बडीशेपेची ताटली तो न घेताच पुढं सरकवायचा, कारण पिणारेच लवंग-बडीशेप चघळून वास लपवतात. दारूबरोबर बिचाऱ्याची बडीशेपही सुटली होती.

वर्ष भरायला आठवडा उरला होता. किराणेवाला कुजबुजला, "शेट, तुमच्या ड्रायव्हरनं लवंगा नेल्या बरं का." दुसऱ्या दिवशी तो तोंड मिटून आला. "हाऽ" नाही. जवळ गेलो तर लवंग! माझं डोकं फिरलं. त्याची वही रस्त्यावर भिरकावली. त्यानं ती उचलली, धूळ झटकली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको दुकानात राहिलेला डबा न्यायला आली. "दाढ सुजली व्हती त्यांची. तोंड उघडंना, म्हणून लवंग धरली व्हती. वास घेतला तुम्ही शेट, इचारलं का नाय?"

मी गारखेड्याला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर पंखा उघडून बसला होता, पुढं तीच वही. पंख्यातली नवी सर्किटं पोरीच्या मोबाईलवर बघून शिकत होता.

"चल. टेबल तुझंच आहे."

"नाय शेट. तिथं आलं की आधी हाऽ करावं लागतं. हितं नुसतं बसता येतं."

चहा झाला. त्यानं बडीशेपेची वाटी पुढं केली. आधी स्वतः चिमूट घेतली आणि माझ्याकडं बघत सावकाश चघळली. इतक्या थाटात बडीशेप खाणारा माणूस या शहरात नसेल. त्याही अवस्थेत मला त्याचं कौतुक वाटलं.

आता माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडं पंखे नेतात आणि त्याला नावानं हाक मारतात. माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर दुपारचं ऊन येऊन बसतं, दुसरं कुणी नाही. चुकलेली तार तो उलगडायचा. आमच्यातल्या कुणाला ते जमलं नाही. किराणेवाल्या, लवंगा मोजल्यास, मग दाढेचं का नाही विचारलंस? आणि मिठ्या मारणाऱ्यांनो, तुम्ही कुठं आहात? या, या रिकाम्या टेबलासमोर उभं राहून जाब द्या. मी तर रोज उभा असतो.