बसवलेला डोंगा

नाव घट्ट बांधली म्हणजे झालं, असं नवख्या माणसाला वाटतं. तसं नसतं. पाण्याला चढायला-उतरायला जागा ठेवावी लागते. आखूड दोरावर बांधलेली नाव पाणी वाढलं की नाकावर दाबली जाते आणि जागच्या जागी बुडते. फार ढिली सोडली तर काठावरच्या दगडांवर आपटून फुटते. पूर उतरताना तर तिच्याजवळच थांबावं लागतं. नाही तर ती उतारावर टांगून राहते, आणि स्वतःच्याच वजनानं तिच्या फळ्या उकलतात.

हे मी वडिलांकडून शिकलो आणि आता आमच्या जिल्ह्यातल्या एका धरणावर मच्छीमारांच्या नावा सांभाळताना रोज वापरतो. वारा सुटला की लोक मला बोलावून नेतात. यानं बांधलेली नाव जात नाही, असं म्हणतात. ते खरंही आहे. पण कुणी तसं म्हटलं की मी विषय बदलतो. का बदलतो, ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. या वर्षी दोन माणसांना सांगितलं. आता लिहून टाकतो.

आमचं गाव वडनेरच्या पुढे, वर्धा नदीच्या काठावर. पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या घाटावर पूल नव्हता, बाचा डोंगा होता. पलीकडून यायचं असलं की माणूस काठावर उभं राहून हाळी द्यायचं, आणि आम्ही डोंगा घेऊन जायचो. उन्हाळ्यात लोक पायीच उतरत. खरं काम पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला.

पावसाळ्यात नदीला मोठं पाणी यायला लागलं की बा डोंगा 'बसवायचा'. घाटाच्या खालच्या अंगाला एक नाला नदीला मिळतो. त्याच्या तोंडाशी पाणी वळसा घेऊन मऊ होतं. तिथं डोंगा न्यायचा. एक दोर नाकाला, वरच्या अंगाच्या उंबराला. दुसरा शेपटाला, खालच्या बाभळीला. दोर अंबाडीचे असत, भिजले की आखडत, म्हणून आधीच ढील ठेवायची. दुसरा दोर बांधून झाला की डोंग्याच्या नाकाला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. झालं, डोंगा बसला. मग घाटावरचा म्हसोबाचा दगड पाण्यातून पुन्हा डोकं काढेपर्यंत तो कुणासाठी सुटत नसे. पाटील येवो की पोलीस. आजाच्या काळात कुणाच्या तरी आग्रहाखातर बसलेला डोंगा सोडला होता आणि माणसं गेली होती, तेव्हापासूनचा हा नेम. पलीकडं कुणी हाळी देत असलं तर या काठावरून दोन्ही हात डोक्यावर उचलून एकमेकांवर ठेवायचे. म्हणजे डोंगा बसला, घरी जा. दोन्ही गावांना ही खूण ठाऊक होती.

माझी धाकटी बहीण, तिला मी बाई म्हणतो, पलीकडच्या गावात दिली होती. आमचं साटंलोटं होतं. तिची नणंद मला यायची होती. बहिणीचं लग्न आधी लागलं, माझं पुढच्या उन्हाळ्यात ठरलं, कारण तिकडची पोरगी अजून लहान आहे असं तिच्या आईचं म्हणणं होतं. त्या पोरीला मी बहिणीच्या लग्नात पाहिलं. करवली म्हणून ती मांडवभर फिरत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. त्यानंतर नदीपलीकडं पाहिलं की मला तीच आठवायची. आता या वयात लिहायला संकोच वाटतो, पण ते तसंच होतं.

नदीला पाणी आल्यावर बहीण लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा पलीकडून तिनं दिलेली हाळी मला अजून ऐकू येते. सोबत दीर होता, नवी नवरी होती, तरी ती ओरडली, "काऊन रे दादा, झोपला का? तुया बायकोचा भाऊ उन्हात उभा आहे." दीर लाजला. घाटावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी वल्हं मारत गेलो, तर मला म्हणते, इतक्या हळू येशीन तर त्या पोरीले म्हातारी करून आणशीन.

त्याच वर्षी नागपंचमीला आली ती वेगळीच. हाळीसुद्धा दिरानं दिली. मायजवळ बसून काय ते बोलली, मी भिंतीआडून ऐकलं. नवरा हात उगारत होता. सासू जेवताना मोजत होती. माय म्हणाली, "दादाचं लगन होऊ दे. मंग पाहू." बहिणीनं मान हलवली. परत जाताना डोंग्यात माझ्यासमोर बसली होती. पाण्यात बोटं बुडवून होती. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की मी ऐकलंय.

पोळ्यानंतर पाणी आलं. बा आणि माय हिंगणघाटला एका तेरवीला गेले होते, घाटावर मी एकटा. दुपार होती, आभाळ भरलेलं. नदी गढूळ झाली होती, फेस आणि काटक्या वाहत होत्या. बानं जाताना सांगितलं होतं, पाणी दगडाला लागलं का डोंगा बसवजो. पाणी दगडाला लागलं होतं. मी डोंगा नाल्याच्या तोंडाशी आणला आणि नाकाचा दोर उंबराला घातला.

तेव्हा हाळी आली.

"दादाऽ, डोंगा आऽण!"

हिरवं लुगडं. काखेत बोचकं. सोबत कुणी नाही. आमच्याकडं नवी सून एकटी माहेरी येत नाही, दीर किंवा सासरा पोहोचवायला असतो. त्या बोचक्यावरून मला सगळं कळलं. ती भेटायला आली नव्हती. सोडून आली होती.

त्या पाण्यात अजून एक फेरी जमली असती. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण मनाला मी पुष्कळ वर्षं दुसरंच शिकवलं. वरच्या अंगानं नदी चढून जाऊन तिरपा डोंगा सोडला असता तर पलीकडं लागलो असतो, आणि तसाच परत आलो असतो. त्याहून वाईट पाण्यात मी गेलोय. दुसरा दोर माझ्या हातात होता. डोंगा अजून बसला नव्हता.

मी एवढाच विचार केला की ती या काठाला आली तर ती पोरगी कधीच येणार नाही. साटंलोटं असंच असतं. एक घर मोडलं की दुसरं बांधलंच जात नाही.

मी शेपटाचा दोर बाभळीला बांधला. नीट बांधला, ढील ठेवून. फळीखालच्या डब्यातून हळद-कुंकू काढलं, नाकाला लावलं. नारळ फोडला. तोवर तिच्या हाळ्या येतच होत्या. मग मी सरळ उभा राहिलो आणि दोन्ही हात डोक्यावर उचलून एकमेकांवर ठेवले.

डोंगेवाल्याची पोरगी ती. लगेच गप्प झाली. बोचकं खाली ठेवून काठावर बसली. मी वळलो आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी बानं येऊन दोर पाहिले आणि म्हणाला, चांगला बसवला. रात्रीतून पाणी पुष्कळ वाढलं होतं आणि डोंग्याला ओरखडासुद्धा नव्हता. बानं मला उघड चांगलं म्हटल्याचं हे एकच आठवतं.

दिवाळीला बहीण नवऱ्यासोबत आली. भाऊबीजेला ओवाळताना ताट हातात धरून तिनं हळूच विचारलं, त्या दिवशी माझा आवाज आला होता ना. मी म्हणालो, डोंगा बसला होता, बाई. ती म्हणाली, "हो. पाह्यलं मी." आणि ओवाळलं.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. ती पोरगी घरी आली. मला चांगली बायको मिळाली, यात शंका नाही. बाचं दुखणं तिनं काढलं, मायचं शेवटपर्यंत तिनंच केलं. पुढं घाटावर पूल झाला, डोंगा गेला, मी धरणावर कामाला लागलो, तरी तिनं कधी कुरकुर केली नाही. ज्या घराला माझी बहीण कंटाळली होती त्याच घरातून माझ्या घरात हे सुख आलं. बहिणीच्या नवऱ्याचा हातही पुढं थांबला, पण बऱ्याच उशिरा. तिच्या डाव्या हाताचं एक बोट त्या दिवसांपासून सरळ होत नाही.

पूल झाल्यावर येणं सोपं झालं. बहीण राखीला येते, भाऊबीजेला येते, पण संध्याकाळच्या बसनं परत जाते. माहेरी ती एकदाही मुक्कामाला राहिली नाही. माझ्याशी बोलते, अगदी नीट बोलते. शेती कशी आहे, पोरं काय शिकतात, गुडघ्याला तेल लावतोस का. चेष्टा करत नाही. शिवी देत नाही. मला तिच्याकडून एक शिवी हवी होती. धरणावर पलीकडून कुणी बाई आपल्या माणसाला ओरडून बोलावते, पाण्यावरून आवाज लांबत येतो, तेव्हा हातातलं काम थांबतं. त्या आवाजात थोडी चिडवाचिडवी असली तर मी तो संपेपर्यंत उभा राहतो.

माझी बायको तिला वहिनी म्हणते आणि तीही बायकोला वहिनीच म्हणते. साट्यातल्या बाया एकमेकींना असंच म्हणतात. ती यायची असली की बायको आदल्या दिवसापासून लागते. पुरणपोळी, सांबारवडी, तिला आवडते ती अंबाडीची भाजी. मुक्कामाला राह्यतील या खेपेला, म्हणते. वाकळ उन्हात टाकते. संध्याकाळी वाकळ पुन्हा घडी करून ठेवते. या राखीला घडी करताना म्हणाली, "वहिनी मायामुळं नाई राहत इथं. मी काय केलं त्यायचं, ते तरी कळलं पाह्यजे."

ते मला सोसलं नाही. पुढच्याच आठवड्यात बस पकडून पलीकडं गेलो.

पावसानं चार दिवस उघडीप दिली होती, म्हणून बहीण अंगणात खाटेवर मुगवड्या घालत होती. नवरा शेतात गेला होता. मला पाहून उठायला लागली, मी म्हटलं बस. समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. नाकाचा एकच दोर बांधला होता, दुसरा हातात होता, नारळ तुझ्या हाळीनंतर फोडला. ती वड्या घालतच होती. एक ओळ पूर्ण केली, मग हात थांबवला.

"मले दिसे, दादा. दोर एकच होता. तू नारळ फोडला तोवर मी उभीच होती."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, काय बोलू. तुझ्या घरात माझी नणंद नांदत होती, चांगली नांदत होती. तिचं काय चुकलं होतं.

"तिले सांगतलं?"

मी मान हलवली, नाही.

"सांगजो," ती म्हणाली. "तिले वाटते का मी तिच्यावर रागावून आहो. मी तिच्यावर कधीच नोती."

"आन मायावर?"

तिनं पिठाचं बोट पातेल्याच्या कडेला पुसलं. "तुयावर होती. आहे." मग उठून चहा ठेवायला गेली. तिच्या पाठीकडं पाहताना मला, कसं सांगू, बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलली होती. चहा दिला, बिनसाखरेचा, कारण मला साखर चालत नाही हे तिला माहीत होतं. बसपर्यंत पोहोचवायला आली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही, पण त्यानंतरच्या भाकरी जाड होत गेल्या. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "मी ठरली नसती, तर गेले असते तुम्ही डोंगा घेऊन?"

खोटं बोलायची सवय मला चांगली होती. पण त्या दिवशी म्हणालो, "गेलो असतो."

तिनं तवा उतरवला. जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही.

सकाळी पिशवी भरून उभी होती. वहिनीकडं जाते म्हणाली. मी पोहोचवून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. "घ्यालेही येऊ नका. मी माया मनानं येईन." मी फाट्यापर्यंत पिशवी धरली. तेवढं तिनं धरू दिलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. ती माहेरी गेली आहे असं मी शेजारपाजाऱ्यांना सांगतो, आणि ते खोटंही नाही, ते तिचं माहेरच आहे. पण ती तिथं आपल्या भावाकडं गेलेली नाही, माझ्या बहिणीकडं गेली आहे. एकदा फोन आला. लोणच्याची बरणी कुठं आहे, दुधाचे पैसे द्यायचे विसरू नका, असं काही बोलली. मी विचारलं, बाई काय म्हणते.

"झोपली आहे," ती म्हणाली. "काल आमी दोघी लई वेळ बोलत बसलो."

काय बोललात, हे माझ्या तोंडात आलं होतं. विचारलं नाही. ती म्हणाली ठेवते, आणि ठेवला. धरणावर जायची वेळ झाली होती. मी दार ओढून घेतलं आणि निघालो.