संकेतची निवड आणि माझं उत्तर

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज घरी आल्यापासून नुसता बसून आहे.

मी इथे रत्नागिरीत कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. आमच्या संकेतचा खेळ बघायला आज मुंबईहून एका कंपनीच्या संघाचे प्रशिक्षक आले होते. निवड झाली असती तर त्याला मोठ्या संघात जागा आणि कायमची नोकरी मिळाली असती.

पोरगा सुरेख खेळला. लांबून टाकलेले चेंडूही अलगद बास्केटमध्ये पडत होते.

मग प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. "हात चांगला आहे. पण आमच्याकडचे दांडगे खेळाडू अंगावर आले तर टिकेल का?"

मी म्हटलं, "खरं सांगायचं तर माहीत नाही. इथे त्याच्या तोडीचं कुणी समोर आलंच नाही."

"मग जोखीम नको," म्हणाले आणि निघाले.

संकेतला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही हो म्हणायचं होतंत. टिकतो की नाही, ते तिथे जाऊन मी बघितलं असतं."



माझ्या जागी तुम्ही त्या प्रशिक्षकांना काय म्हणाला असतात?