लाइनखालचे रेडिओ

वीजखात्यात लाइनवर नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से साठतातच, बहुतेकांकडं शॉकचे. माझ्याकडं रेडिओचे साठलेत. कोल्हापूर भागात हाय व्होल्टेज लाइनखाली कुणाचा रेडिओ खरखरला, टीव्ही बिघडला, की साहेब मला आणि वायरमन दस्तगीरला पाठवायचे.

*

लढाई चालू होती. शाहूवाडीकडच्या एका आजींचा मुलगा सीमेवर, आणि बातम्या लावल्या की नुसती खरखर. दारासमोरच्या खांबावर चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला होता. तिथं ठिणग्या उडायच्या. दस्तगीरनं तो बदलला.

पुढं त्याच वाटेनं जाताना आजींना विचारलं, "आता येतंय का ऐकायला?"

"सगळं येतंय बाबा," आजी म्हणाल्या. "पोरगंच न्हाय."

*

जयसिंगपुरात एका व्यापाऱ्यानं गल्लीतला पहिला टीव्ही आणला. मॅच बघायला गल्ली जमली, तर पडद्यावर मुंग्याच मुंग्या. दस्तगीर म्हणाला, "शेठ, अँटेना तारांपासून लांब न्या."

"पावणं, घर माझं आधीचं हाय. तारा न्या की तुम्ही लांब."

*

राधानगरीकडचा मारुती, दुधाचा धंदा करणारा, सारखा ऑफिसात यायचा. "रेडिओ लई खरखरतोय साहेब. खांबावर चरचर बी वाजतंय."

साहेब म्हणाले, "सेल बदल."

आम्हाला पाठवलंच नाही. पावसात तार तुटून गोठ्यावर पडली. म्हैस गेली, आणि तिला सोडवायला धावलेला मारुतीचा भाऊही गेला.

आम्ही पोचलो तेव्हा मारुती अंगणात बसला होता. एवढंच म्हणाला, "सेल बदललं हुतं."

*

दस्तगीरचं घरही लाइनखालीच. लाइन चालू असली की त्यांचा रेडिओ खरखरायचा, बंद केली की गाणी स्वच्छ. दस्तगीर त्या लाइनवर कामाला गेला की त्याची बायको, आमची भाभी, रेडिओ लावून बसायची.

एका दुपारी सप्लाय बंद करून तो घरामागच्या ओढ्यापलीकडं खांबावर चढला. मी खाली उभा होतो. काम चालू असतानाच सबस्टेशनवरनं कुणीतरी लाइन चालू केली.

दवाखान्यात न्यायचं काही उरलं नव्हतं. घरी सांगायला मीच गेलो.

भाभी स्टोव्हपाशी होती. म्हणाली, "या भाऊजी. रेडिओ खरखरला तवाच चहा टाकला. म्हटलं लाइन चालू झाली, म्हंजे उतरले खाली. मागनं येतायत न्हवं?"