तिसऱ्या अंकातला माणूस

हंगेरीतल्या कापोश्वार गावच्या नाटक कंपनीत इल्काचे वडील देझो तिसऱ्या अंकातले विनोदी नट होते. तिथल्या संगीत नाटकांची रीतच तशी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक-नायिका गात गात दुरावतात, प्रेक्षक नाकं पुसत बसतात. मग तिसऱ्या अंकात तोवर कुणी न पाहिलेला एखादा म्हातारा हमाल नाहीतर बहिरा कारकून येतो आणि पाच मिनिटांत सगळ्यांना हसवून सोडतो.

रविवारी दुपारच्या खेळाला पहिले दोन अंक होईतो देझो घरीच असत. बापलेक निवांत खसखशीच्या शेवया खात. आईचा जीव मात्र थाऱ्यावर नसे.

"अहो, निघा आता. तिकडे ती नायिका बिचारी रडायला लागली असेल."

"रडू दे गं थोडं. ती नीट रडली की माझे कष्ट वाचतात."

मग ते इल्काचा हात धरून निघत. विंगेत उभी राहून ती गाणी ऐके, आणि ओल्या डोळ्यांची माणसं हसताना पाही. बरीच वर्षं तिला वाटे, घराघरांतही रडण्याच्या वेळी असंच कुणीतरी येऊन हसवत असणार.

टपाल कचेरीतली नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर तिने पहिली कथा लिहिली. वडिलांच्या शेवटच्या दिवसाची. ती एका मासिकाला पाठवली. तिथले संपादक बार्ना यांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, कथा घेतो. पण हा शेजारी काढा. माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि हा शिडी परत मागायला येतो, वर आपल्या बदकाचं रडगाणं लावतो. बाप मरतोय की तमाशा चाललाय?"

कथा छापून यावी, असं तिला फार वाटत होतं. तिने मुकाट्याने पेन्सिल उचलली, शेजाऱ्याच्या पहिल्या वाक्यावर टेकवली. हात पुढे सरकेना.

"खरंच आला होता का तो?" बार्नांनी विचारलं.

"नाही. कुणीच आलं नाही. बाबा दाराकडे बघत होते. मीही बघत होते. चार वाजेपर्यंत. म्हणून मी त्याला आणला. तो नको असेल, तर कथा परत द्या."

बार्नांनी चष्मा काढून पुसला. पानं पुन्हा चाळली.

"मग त्याला असा दारातूनच का पिटाळलंत? घटकाभर बसू द्या की."

इल्काने पान ओढून घेतलं आणि तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, शेजाऱ्याला खुर्ची दिली.