रडायचा जिना

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत काचेच्या इमारती आहेत, हिरवळीवर लोळून हसणारी मुलं आहेत आणि कुलगुरूंचा फोटो तर तीनदा आहे. चावीमावशी मात्र कुठेच नाही. खरं म्हणजे तिच्यावाचून तिथलं एक दार उघडत नाही. एकशे चाळीस खोल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात आणि एकीलाही चिठ्ठी नाही. नुसतं बोट लावलं की तिला कळतं, ही प्रयोगशाळेची, ही रंगमंचामागची. बावीस वर्षांपूर्वी ती सफाई खात्यात लागली, तेव्हा इथे दोन इमारती होत्या आणि बाकी सगळा चिखल.

बाहेर लोक काय वाटेल ते बोलायचे. खासगी विद्यापीठ म्हणजे बड्या बापांची पोरं, अभ्यासाच्या नावाने शंख. मावशीला याचा भारी राग. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, पण त्यांनी या पोरांना निकालाच्या दिवशी पाहिलेलं नसतं. मोटारीतून येणारा आणि बसचा पास खिशात घालून येणारी, दोघांची तोंडं त्या दिवशी सारखीच उतरलेली असतात.

तर अशा या मावशीचं निवृत्तीचं वय उलटलं. मुदतवाढीचा अर्ज कुलसचिवांच्या टेबलावर गेला आणि शुक्रवारी निर्णय होणार असं कळलं. घरी कसली ददात नव्हती. सून तर म्हणायची, आई, आता पाय पसरून बसा. पण पाय पसरायच्या नुसत्या कल्पनेने मावशी उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची. तिला आणखी एक वर्ष तरी इथेच हवं होतं. हट्ट म्हणा हवं तर.

आणि नेमकं बुधवारी तिने घोळ घातला.

त्या दिवशी नव्या मुलांचे पालक विद्यापीठ बघायला येणार होते. त्यांना फिरवायला जनसंपर्क खात्याने दोन चटपटीत विद्यार्थी झेंडा देऊन मोठ्या फाटकाशी उभे केले आणि बस येऊन थांबली मागच्या फाटकाशी. तिथे मावशी होती. निळा कोट, छातीवर विद्यापीठाचं चिन्ह, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पालकांना वाटलं, हीच आपल्याला फिरवणार. मावशीला वाटलं, कुलसचिव साहेबांनीच हे काम आपल्याला दिलंय, सांगायचं राहून गेलं असेल. ती चौदा कुटुंबांना घेऊन निघाली.

हातचं राखून न ठेवता तिने सगळं दाखवलं. वसतिगृहातल्या कुठल्या नळाला गरम पाणी येतं, कुठले प्राध्यापक स्वतःचा तास विसरतात पण पोरांची नावं विसरत नाहीत, नाटकवाली मुलं कुठे भांडतात आणि कुठे समेट करतात. जाड चष्म्याच्या एका वडिलांनी विचारलं, विद्यापीठाचा देशात नंबर कितवा? ते आपल्याला ठाऊक नाही, असं सांगून तिने त्यांना वाचनालयामागच्या जिन्याकडे नेलं.

हा रडायचा जिना. कोणी ठरवलं देव जाणे, पण रडू आलं की मुलं इथे येऊन बसतात. ज्याला कोणाला ते दिसेल, त्याने दोन पायऱ्या खाली येऊन बसायचं. विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. पुस्तक मिटून नुसतं बसायचं, वरचा उठेपर्यंत. मावशी हा जिना सगळ्यात शेवटी पुसते, कोणाला उठवायला नको म्हणून.

"म्हणजे इथे मुलं रडतात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"रडतात की. घरी रडत नाहीत?" मावशी म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांची मुलगी मात्र एका पायरीवर बसून बघत होती, कशी वाटते ते.

गोष्ट कुलसचिवांच्या कानावर गेली. शुक्रवारी त्यांनी मावशीला बोलावलं आणि उभं आडवं घेतलं. लाखो रुपये ओतून आनंदी विद्यापीठ म्हणून नाव कमवायचं आणि हिने पालकांना रडायची जागा दाखवायची! तिची फाइल काखेत मारून ते उठले. त्या जिन्याला आजच्या आज दार बसवतो, म्हणाले, आणि त्याचं कुलूप तुमच्याच हाताने लावा, शेवटचं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं मनात म्हणत मावशी मागून चालू लागली. डोळे भरून आले होते, पण साहेबांसमोर पुसायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं.

सकाळीच निकाल लागला होता. जिन्यावर पिवळ्या स्वेटरमधला एक दांडगा पोरगा गुडघ्यात डोकं घालून हमसत होता. साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने त्यांची बाही ओढली आणि खालच्या पायरीकडे बोट दाखवलं. का कोण जाणे, साहेब बसले. पंधरा मिनिटं गेली असतील. पोराने नाक पुसलं, उठला, "थँक यू, सर" म्हणाला आणि गेला.

"मी तर काहीच केलं नाही," साहेब म्हणाले.

"तेच करायचं असतं, साहेब."

 साहेबांनी तिथेच मांडीवर फाइल उघडली आणि सही केली. एक वर्ष.  साहेब उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. पायरी तिने साहेबांकडे जायच्या तोंडावरच पुसली होती आणि पॅंट मागून चिंब झाली होती. अशा अवतारात काचेच्या इमारतीत जायचं कसं? वाळेपर्यंत बसा, मावशी म्हणाली, आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

इतक्यात वाचनालयातून एक मुलगी बाहेर आली. साहेब जिन्यावर बसलेले तिने पाहिले. ती आली, दोन पायऱ्या खाली बसली आणि हातातलं पुस्तक मिटलं.

"मी रडत नाहीये," साहेब म्हणाले.

मुलीने मागे न बघता समजुतीने मान डोलावली.  मावशीने पाहिलं, तर साहेबांनी टायची गाठ सैल केली होती आणि डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले होते.