सातऱ्यामागचं ऊन

मिरचीचा ठसका आईच्या कपाळी जन्माचाच लिहिलेला होता. खाप्याकडच्या आमच्या गावात बायकांनी वावरात मिरची पिकवायची, शेठ म्हणेल त्या भावाने त्याला द्यायची आणि मग त्याच्याच सातऱ्यावर बसून तिचे देठ तोडायचे. सातरा म्हणजे त्याच्या टिनाच्या शेडपुढचं अंगण. आईच्या हातांची इतकी आग व्हायची की लहानपणी ती मला चमच्याने भरवायची, आणि शेजारणी तिला ‘मडमीण’ म्हणून चिडवायच्या.

मी सातवीत असताना तिने बायकांची सोसायटी काढली. “पिकवतो आपन, देठ तोडतो आपन, मंग इकाले शेठ काहून पायजे वं?” एवढंच तिचं भाषण. नागपूरचा एक व्यापारी परदेशात माल धाडायचा, त्याने चांगला भाव कबूल केला. शेठ नुसता हसला. “चुलीपुढची अक्कल,” म्हणाला. ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. त्याच्या सातऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही, असं आई साऱ्यांसमोर बोलून बसली.

बायका आमच्या अंगणात जमल्या. सातऱ्यावर करत तसंच सगळं केलं. आधी मिरचीवर पाणी शिंपडलं, म्हणजे तिचा चुरा होत नाही आणि ठसकाही कमी लागतो. मग देठ तोडले, आणि संध्याकाळीच पोती शिवून ट्रकवर चढवली. आई त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती.

पोती परत आली. उघडली तर आत पांढरी बुरशी. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं शेठनेच काहीतरी केलं. सोसायटी तिथेच मोडली. रोज सकाळी “चाल वं” म्हणून हाक देणाऱ्या बायका आता आमच्या दारावरून आवाज न करता सातऱ्यावर जाऊ लागल्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

होळी झाली, घरातली ज्वारी संपत आली, तेव्हा आईही सातऱ्यावर गेली. शेठने तिला बायकांत बसू दिलं नाही. सोसायटी मोडलेल्या बाईची आता कसली भीती, म्हणून शेडमागे झाडायला लावलं. एरवी तिकडे बायकांना कधीच जाऊ देत नसत. त्या घरी निघाल्या की गडी देठ तोडलेली मिरची उचलून मागे नेत.

संध्याकाळी आई आली ती ओसरीवर बसूनच राहिली.

“माय, का झालं?”

“पुन्हा वाळवतेत वं पोरी. देठ तोडल्यावर, मांगं, उन्हात. मंगच पोत्यात भरतेत. एवढंच रायलं होतं आपलं.”

मी म्हटलं, मग सांग ना साऱ्यांना, पुन्हा करू. आई तशीच उठली आणि दारोदार गेली. बायकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. “हो वं बाई, खरं हाय तुह्यं,” म्हणाल्या.

सकाळी त्या सातऱ्यावर निघाल्या. आई खराटा घेऊन त्यांच्या मागून गेली.